चित्राचे भाषांतर : प्रौढांसाठीच्या फ्रेंच विज्ञानचित्रकथा आणि त्यांचे इंग्रजी अवतार

चित्रकथेच्या भाषांतराविषयी एक समजूत प्रकाशकांत आणि अभ्यासकांत सारखीच रुजलेली आहे. चित्र सर्वांना कळते, त्यामुळे फुग्यांतील शब्द तेवढे बदलले की भाषांतराचे काम संपले, ही ती समजूत. कवितेच्या भाषांतरकाराला जो संशय सदैव छळतो, तो चित्रकथेच्या भाषांतरकाराच्या वाट्याला येत नाही; निम्मे काम चित्राने आधीच करून ठेवले आहे असे गृहीत धरले जाते. तौलनिक साहित्याभ्यासाने चित्रकथेची दखल उशिरा घेतली आणि घेतली तेव्हाही भाषांतराचा प्रश्न बहुधा विनोद, ध्वन्यनुकारी शब्द आणि विशेषनामे यांच्यापुरता मर्यादित ठेवला. अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांनी केलेल्या 'आस्तेरिक्स'च्या इंग्रजी भाषांतरांचे कौतुक झाले ते या चौकटीतच. प्रौढ वाचकांसाठी रचलेल्या फ्रेंच विज्ञानचित्रकथांना एवढेही भाग्य लाभले नाही. त्यांच्याकडे दृश्य म्हणून पाहिले गेले, क्वचितच संहिता म्हणून.

भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. मोबियस, बिलाल, होदोरोव्स्की ही नावे येथे पोहोचली ती इंग्रजीतून. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक भारतीय अभ्यासक इंग्रजी आवृत्ती हीच मूळ संहिता असल्यासारखे लिहितात, आणि चित्रे तीच असल्यामुळे त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः इंग्रजीत येताना या कृतींचे शब्द तर बदललेच. पण चित्रेही जशीच्या तशी राहिली नाहीत, आणि जेथे ती राहिली तेथेही त्यांचा अर्थ राहिला असे म्हणता येत नाही. या बदलाची दिशा एका विशेषणात सापडते. ते विशेषण म्हणजे 'प्रौढ'.

मराठीत या शब्दाला दोन अंगे आहेत. 'प्रौढ शैली', 'प्रौढ विचार' असे म्हणताना परिपक्वतेचा गौरव असतो. चित्रपटाच्या जाहिरातीवरील 'फक्त प्रौढांसाठी' या शब्दांत मात्र वयाची अट असते आणि अटीमागे एक सूचक खूण असते. फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतील समानार्थी शब्दही असेच द्व्यर्थी आहेत. तथापि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना दोन्ही अर्थ सारख्या प्रमाणात प्रवास करतातच असे नाही. फ्रेंच चित्रकथेच्या बाबतीत पहिला अर्थ मागे राहिला आणि दुसरा पुढे गेला.

फ्रान्समध्ये १६ जुलै १९४९ च्या कायद्याने बालकुमारांसाठीच्या प्रकाशनांवर देखरेख सुरू झाली. चित्रकथा म्हणजे मुलांचे वाचन हे समीकरण या कायद्याने जणू राजमान्य केले. १९५९ मध्ये निघालेले 'पिलोत' हे साप्ताहिकही प्रथम मुलांचेच होते. पण १९६० च्या दशकात त्याचे वाचक वाढत्या वयाचे झाले आणि त्यांच्याबरोबर चित्रकारांच्या अपेक्षाही वाढल्या. ही वाढ साप्ताहिकाला पेलवेना तेव्हा चित्रकार बाहेर पडू लागले. १९७२ मध्ये 'लेको दे साव्हान' निघाले. १९७४ च्या अखेरीस जाँ जिरो ऊर्फ मोबियस, फिलिप द्रुइये, जाँ-पिएर दियोने आणि बेर्नार फार्का यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली व जानेवारी १९७५ पासून 'मेताल उर्लाँ' प्रसिद्ध होऊ लागले. येथे प्रौढत्वाचा दावा प्रामुख्याने कर्तृत्वाचा होता. पृष्ठरचना, कथेची लांबी, कथेला शेवट असावा की नसावा, हे सारे चित्रकाराने ठरवावे, असा तो आग्रह होता. नग्नता आणि हिंसा या स्वातंत्र्यात होतीच, आणि ती पुष्कळदा पोरकटही होती हे मान्य करावे लागते. पण ती या स्वातंत्र्याचे फल होती, व्याख्या नव्हे.

अमेरिकेत परिस्थिती वेगळी होती. तेथे १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' स्वीकारून आपल्या व्यवसायाला सोवळे नेसवले. त्याबाहेर भूमिगत कॉमिक्सची चळवळ होती; पण मोठ्या विक्रीचे, देखण्या छपाईचे असे मधले काही नव्हते. 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकाच्या प्रकाशकांनी एप्रिल १९७७ मध्ये 'मेताल उर्लाँ'ची अमेरिकी आवृत्ती काढली ती या पोकळीत. नाव ठेवले 'हेवी मेटल'. मूळ नावातील धातू किंचाळणारा आहे. विज्ञानयुगातील यंत्राचा आकांत त्यात ऐकू येतो. इंग्रजी नावात त्या धातूची वाचा गेली आणि त्याला एका लोकप्रिय संगीतप्रकाराचे वजन प्राप्त झाले. मासिकाने स्वतःचे वर्णन 'प्रौढांसाठीचे सचित्र अद्भुत मासिक' असे केले, आणि अमेरिकी वाचकाने त्यातील 'प्रौढ' हा शब्द आपल्या सवयीने वाचला. तेथून पुढे या कृतींची वर्गवारी दुकानाच्या फळीने ठरवली.

यापूर्वी एक वेगळा मार्ग उपलब्ध होता हे विसरता कामा नये. जाँ-क्लोद फोरे यांची 'बार्बारेला' १९६२ पासून क्रमशः आणि १९६४ मध्ये एरिक लोस्फेल्ड यांच्याकडून पुस्तकरूपाने आली. तिचे इंग्रजी भाषांतर रिचर्ड सीव्हर यांनी केले आणि ते ग्रोव्ह प्रेसने १९६६ मध्ये छापले. बेकेटला अमेरिकेत रुजवणारी, 'लेडी चॅटर्लीज लव्हर'साठी न्यायालयात लढलेली ही प्रकाशनसंस्था. सीव्हर तर बेकेटच्या पहिल्या इंग्रजी पुरस्कर्त्यांपैकी एक. म्हणजे फ्रेंच विज्ञानचित्रकथा इंग्रजीत आली ती प्रथम वाङ्मयीन प्रयोगाच्या दारातून. १९६८ च्या चित्रपटाने हे दार बंद केले. पुढे 'बार्बारेला' म्हणजे एक अभिनेत्री आणि तिचा पोशाख एवढेच उरले. २०१४ मध्ये केली स्यू डीकॉनिक या स्त्रीवादी लेखिकेकडून नवे इंग्रजी रूपांतर करून घ्यावे असे प्रकाशकांना वाटले, याचा अर्थ पहिल्या भाषांतराभोवती साचलेले सारे उपसण्याची गरज त्यांनाही जाणवली असावी.

चित्राला भाषांतर लागत नाही या समजुतीची सर्वांत अनुकूल कसोटी म्हणजे मोबियस यांची 'आर्झाक'. १९७५ मध्ये 'मेताल उर्लाँ'त आलेल्या या कथांत संवाद नाहीत. पंख पसरून जाणाऱ्या एका विचित्र प्राण्यावर बसलेला मूक स्वार आणि खालचा ओसाड प्रदेश, एवढ्यावर कथा चालते. भाषांतरकाराला येथे करण्यासारखे काही नाही असे वाटते. पण दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे, शीर्षकातील नावाची अक्षरजुळणी कथागणिक बदलत जाते. जो एकमेव शब्द आहे तोच स्थिर नाही, ही या मूक कथेतील एकमेव भाषिक घटना आहे. आणि संग्रहाला कोणते तरी एक नाव द्यावेच लागत असल्याने सूचीत ती एका रूपात गोठते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. फ्रेंच-बेल्जियन परंपरेतील विज्ञानचित्रकथा शब्दबहुल होती. एदगार जेकब्स यांच्या 'ब्लेक आणि मॉर्टिमर' मालिकेत चित्रात दिसत असलेलीच क्रिया वरच्या पट्टीत सविस्तर लिहून सांगितली जाते. या पार्श्वभूमीवर 'आर्झाक'चे मौन हे एक विधान होते, कोणाला तरी दिलेले उत्तर होते. इंग्रजी वाचकाला प्रश्नच ठाऊक नसल्याने उत्तर हे उत्तर म्हणून कळले नाही. त्याला मौन दिसले ते निव्वळ नेत्रसुख म्हणून. मौनालाही संदर्भभाषा असते, आणि ती भाषांतरित झाली नाही.

मोबियस यांच्याच 'ल गाराज एर्मेतिक'ची गोष्ट याहून गमतीची आहे. १९७६ पासून थोड्या थोड्या पृष्ठांनी, पुढे काय होणार हे न ठरवता रचलेल्या या मालिकेत जेरी कॉर्नेलियस हे पात्र येते. ते मूळचे मायकेल मूरकॉक या इंग्रज कादंबरीकाराचे. इतर लेखकांनी ते वापरावे अशी मुभा त्यांनी दिली होती आणि फ्रेंच चित्रकाराने ती घेतली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्व्हलच्या 'एपिक' या शाखेने मोबियस यांच्या कृती जाँ-मार्क आणि रँडी लोफिसिए यांच्या भाषांतरात काढल्या तेव्हा या पात्राचे नाव लुइस कार्नेलियन झाले. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये मुक्तपणे गेलेले नाव स्वतःच्या घरी परतताना स्वतःच्या नावाने परतू शकले नाही. हक्कांची कायदेशीर बाजू काहीही असो, आंतरसंहितात्मकतेच्या सिद्धान्तात या प्रकाराला जागा शोधावी लागेल. फ्रेंच वाचक त्या नावातून १९६० च्या दशकातील लंडन आणि इंग्रजी विज्ञानकथेतील बंडखोर नवी लाट ऐकत होता. इंग्रजी वाचकाला, ज्याच्या भाषेतून ते आले होते त्यालाच, ते ऐकू आले नाही.

चित्र स्वतःच भाषांतरित होते याचा सर्वांत उघड पुरावा 'लँकाल' या मालिकेच्या इंग्रजी आवृत्त्यांत आहे. चिलीत जन्मलेले, मातृभाषेने स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये लिहिणारे अलेहान्द्रो होदोरोव्स्की आणि मोबियस यांची ही कृती १९८० च्या अखेरीस सुरू झाली आणि १९८८ मध्ये सहा खंडांत पूर्ण झाली. 'ड्यून' या कादंबरीवरील होदोरोव्स्की यांचा फसलेला चित्रपटप्रकल्प तिच्यामागे आहे. कथानायक जॉन दिफूल हा हलक्या दर्जाचा खाजगी गुप्तहेर. खोल विहिरीसारख्या नगरात तो वरून खाली फेकला जातो, तेथे कथा सुरू होते आणि फिरून त्याच पतनाशी येऊन थांबते.

नायकाचे नावच पाहावे. फ्रेंच वाचकाला ते इंग्रजी वाटते. अमेरिकी गुप्तहेरकथेचा वास त्याला येतो, आणि मग त्या परक्या नावात दडलेला 'मूर्ख' त्याला सापडतो. टॅरो पत्त्यांतील मूर्खापर्यंत, म्हणजे होदोरोव्स्की यांच्या आयुष्यभराच्या चिंतनविषयापर्यंत, तो एका परभाषेतून पोहोचतो. इंग्रजी आवृत्तीत नाव तेच राहिले, अक्षरही बदलले नाही, आणि तरी सगळे बदलले. कारण इंग्रजी वाचकाला ते पहिल्याच भेटीत सरळ कळते. शोधायचे काही उरत नाही. शब्द न बदलणे म्हणजे निष्ठा, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

चित्रांचे काय झाले ते आणखी बोलके आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'लँकाल' इंग्रजीत पुन्हा आली तेव्हा तिचे रंग नव्याने भरलेले होते आणि काही उघडी शरीरे झाकलेली होती. नवे रंग नव्या पिढीच्या डोळ्यांसाठी, असे समर्थन एक वेळ करता येईल. इव्ह शालाँ यांनी पहिल्या खंडाला दिलेले सपाट, काहीसे विषारी रंग आणि संगणकाने आणलेली गुळगुळीत गोलाई यांत फरक एवढाच नाही की एक जुने आणि दुसरे नवे. सपाट रंगांत वस्तू आणि प्रतीक यांच्यात अंतर राहत नाही, गोलाई मात्र प्रत्येक वस्तूला केवळ वस्तू करून टाकते. तरीही तो अभिरुचीचा प्रश्न म्हणून सोडून देता येईल. अंग झाकण्याचे तसे नाही. या कृतीत शरीर हे मोहाचे साधन क्वचितच असते. स्त्री आणि पुरुष एकाच देहात नांदणारे राजपद, आत्म्याच्या नावाने वावरणारी स्त्री, दोहोंच्या मिलनातून जन्मणारे उभयलिंगी पूर्णत्व, अशा मालिकेत शरीर ही संकल्पना आहे. त्यावर वस्त्र चढवल्याने संकल्पना अश्लील ठरते; झाकल्यामुळेच ते झाकण्याजोगे होते. येथे भाषांतरकाराच्या लेखणीपेक्षा एका अनामिक चित्रकाराच्या कुंचल्याने अधिक भाषांतर केले.

गंमत अशी की हे सारे 'प्रौढांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कृतीच्या बाबतीत झाले. म्हणजे एकीकडे 'प्रौढ' हा शब्द नग्नतेचे सूचन करून विक्री वाढवतो आणि दुसरीकडे मोठ्या पुस्तकदुकानांत प्रवेश मिळावा म्हणून तीच नग्नता झाकली जाते. २०१० च्या दशकाच्या आरंभी मूळ रंगांसह व न झाकलेल्या चित्रांची आवृत्ती इंग्रजीत आली आणि आता तीच प्रमाण मानली जाते. तथापि मधल्या दशकात 'लँकाल' वाचलेल्या इंग्रजी वाचकांनी आणि अभ्यासकांनी नेमकी कोणती कृती वाचली, हा पाठचिकित्सेचा प्रश्न शिल्लक राहतो. संतसाहित्याच्या पोथ्यांबाबत पाठभेदांची एवढी काळजी घेणाऱ्या मराठी अभ्यासकाला चित्रातील पाठभेद ही कल्पना अवघड वाटू नये.

एन्की बिलाल यांच्या निकोपोल त्रयीत चित्रे कोणी झाकली नाहीत. तेथे झालेली हानी भाषेची आणि राजकारणाची आहे, आणि म्हणून ती सहज नजरेस येत नाही. बिलाल यांचा जन्म १९५१ चा, बेलग्रेडचा. वडील बोस्नियन, आई चेक. लहानपणीच कुटुंब पॅरिसला आले. त्रयीतील पहिला खंड 'ला फ्वार ओझिम्मोर्तेल' १९८० चा, दुसरा 'ला फाम पिएज' १९८६ चा आणि तिसरा 'फ्रवा एक्वातर' १९९२ चा. पहिल्या खंडातील पॅरिस २०२३ मधील आहे. चेहऱ्याला रंगरंगोटी केलेला फॅसिस्ट हुकूमशहा सत्तेवर आहे, निवडणुकीचा देखावा चालू आहे, आणि इजिप्शियन देवांचे पिरॅमिडच्या आकाराचे यान शहरावर तरंगत असून देवांना इंधन हवे आहे. तीस वर्षे अंतराळात गोठवून ठेवलेला आल्सिद निकोपोल खाली पडतो, त्याचा पाय जातो, बंडखोर देव होरस त्याला लोखंडी पाय घडवून देतो आणि त्याच्या शरीराचा ताबा घेऊन राजकारणात उतरतो.

फ्रेंच शीर्षकात 'फ्वार' म्हणजे जत्रा, बाजार. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'चे फ्रेंच नाव याच शब्दाने सुरू होते, त्यामुळे बिलाल यांच्या शीर्षकात अहंकाराच्या बाजारानंतरचा अमरांचा बाजार ऐकू येतो. देव तेथे घासाघीस करायला आलेले आहेत. १९८० च्या फ्रेंच वाचकाने दोन तेलसंकटे नुकतीच अनुभवलेली होती. इंधनासाठी शहर वेठीस धरणारे देव त्याला पुराणातले वाटले नसणार. कॅटलन कम्युनिकेशन्सने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा खंड इंग्रजीत आणला तो 'गॉड्स इन केऑस' या नावाने. बाजार गेला, गोंधळ आला. उपहासाच्या जागी विश्वव्यापी उत्पात आला. पुढच्या आवृत्त्यांत 'कार्निव्हल' हा शब्द स्वीकारला गेला. तो बराच बरा आहे, पण कार्निव्हलमध्ये मुखवटे असतात, सौदे नसतात.

हुकूमशहाचे आडनाव शूब्लाँ. शब्दशः अर्थ पांढरा कोबी, आणि फ्रेंच वाक्प्रचारात पांढरा कोबी करणे म्हणजे हात हलवत परत येणे. मराठीत एखाद्या सत्ताधीशाला 'भोपळे' हे आडनाव द्यावे तसे हे आहे. इंग्रजीत हे नाव जसेच्या तसे ठेवल्याने हुकूमशहा भयंकर झाला आणि हास्यास्पद राहिला नाही. बिलाल यांचे राजकीय निदान मात्र या हास्यास्पदतेतच आहे: फॅसिझम म्हणजे रंग फासलेले अपयश. शेवटाजवळ वेडा झालेला निकोपोल बोदलेअरच्या ओळी म्हणत राहतो. फ्रेंच वाचकाला त्या शाळेपासून पाठ असतात. म्हणजे वेडाच्या भरात हा माणूस राष्ट्राच्या सामायिक स्मृतीतून बोलतो आणि ज्या पॅरिसचा विध्वंस झाला त्या पॅरिसची भाषा त्याच्या तोंडून शिल्लक उरते. इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचते ती केवळ 'कवितेसारखी' बडबड. भाषांतर कितीही उत्तम असो, पाठ असणे भाषांतरित होत नाही.

दुसऱ्या खंडाच्या शीर्षकाबाबत समासाचा विग्रह करून पाहणे उद्बोधक ठरेल. 'ला फाम पिएज' मध्ये दोन नामे एकापुढे एक ठेवली आहेत: स्त्री, जी सापळाच आहे. हा कर्मधारय. इंग्रजी 'द वुमन ट्रॅप' मध्ये तत्पुरुष डोकावतो: स्त्रियांसाठी लावलेला सापळा, किंवा स्त्रीने लावलेला. जिल बायोस्कोप ही निळ्या केसांची पत्रकार २०२५ मधून आपली वार्तापत्रे १९९३ मधील वृत्तपत्राकडे, भूतकाळाकडे, पाठवते. ती सापळा आहे की सापळ्यात अडकलेली, हा या खंडाचा मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि त्यामुळे इंग्रजी शीर्षकातील संदिग्धता अगदीच निरुपयोगी म्हणता येत नाही. अनवधानाने का होईना, भाषांतराने येथे मूळ संहितेला एक प्रश्न विचारला आहे. मात्र वार्तापत्रे ज्या 'लिबेरासियाँ'कडे जातात ते वृत्तपत्र १९७३ मध्ये सार्त्र यांच्या सहभागाने निघालेले, १९६८ नंतरच्या डाव्या आशांचे वाहक; त्याचा भविष्यातला अंक फ्रेंच वाचकाच्या हाती देणे म्हणजे त्या आशांचे पुढे काय होणार हे विचारणे होते. इंग्रजीत ते एक परदेशी वृत्तपत्र होऊन राहते.

या संदर्भात बिलाल यांचा स्वतःचा २००४ मधील चित्रपट लक्षणीय आहे. 'इम्मोर्तेल' या नावाने त्यांनी याच त्रयीचे चित्रपटरूप केले, ते मुख्यतः इंग्रजी भाषेत. कथा पॅरिसहून न्यूयॉर्कला गेली आणि २०२३ चे २०९५ झाले. फॅसिस्ट हुकूमशहाच्या जागी मानवी शरीरांवर प्रयोग करणारी कंपनी आली. निकोपोल, जिल आणि होरस हे तिघे राहिले. लेखकाने स्वतःच इंग्रजीत पाऊल ठेवले तेव्हा त्याने जे मागे ठेवले ते नेमके तेच होते, जे भाषांतरकारांच्या हातून निसटले होते. यात बिलाल यांना दोष देण्यापेक्षा इंग्रजी ही भाषा या प्रकाराकडून काय मागते ते पाहणे अधिक योग्य. तिला देव हवेत, निळे केस हवेत, ओली काँक्रीटची शहरे हवीत. फ्रेंच निवडणूक नको.

प्रभावाचा अभ्यास करणारे याच मागणीला अजाणता बळी पडतात. डॅन ओबॅनन या अमेरिकी लेखकाची आणि मोबियस यांची 'द लाँग टुमॉरो' १९७६ मध्ये 'मेताल उर्लाँ'त आली, 'हेवी मेटल'मधून इंग्रजीत गेली आणि १९८२ च्या 'ब्लेड रनर' या चित्रपटातील नगररचनेवर तिची छाया पडली, हे सर्वमान्य आहे. पण या एका उदाहरणावरून फ्रेंच विज्ञानचित्रकथेचे इंग्रजीला योगदान म्हणजे देखावे, असा जो निष्कर्ष रूढ झाला आहे तो उलट्या क्रमाने काढलेला आहे. इंग्रजीने घेतले ते देखावे, म्हणून देण्यासारखे तेवढेच होते असे ठरले. आंद्रे लेफेव्हेर यांनी पुनर्लेखन आणि आश्रय यांचा जो संबंध दाखवला आहे, त्याचे एवढे स्वच्छ उदाहरण गद्य वाङ्मयात सहसा सापडत नाही. स्कुइतेन आणि पेतेर्स यांच्या 'ले सिते ऑब्स्क्यूर' या मालिकेतील अंधुक, दुर्ज्ञेय नगरे इंग्रजीत प्रथम 'अद्भुताची नगरे' होऊन आली, हाही त्यातलाच प्रकार.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो इंग्रजीला वळसा घालून आला. जाक लोब यांनी लिहिलेली आणि जाँ-मार्क रोशेत यांनी चितारलेली 'ल त्रान्सपेर्सनेज' १९८२ पासून 'आ स्विव्र' मासिकात आली आणि १९८४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मूळ चित्रकार आलेक्सिस १९७७ मध्ये वारले, त्यामुळे काम काही वर्षे रखडले होते. गोठलेल्या पृथ्वीवर एक हजार एक डब्यांची आगगाडी न थांबता धावत आहे. शेवटच्या डब्यांत दरिद्री, पुढे श्रीमंत. वर्गव्यवस्थेचे इतके साधे रूपक की ते फसायला हवे होते. कृष्णधवल चित्रांच्या कोंदटपणामुळे ते फसत नाही. हजार एक हा आकडा अरबी कथांच्या रात्रींचा आहे. डब्यामागून डबा म्हणजे रात्रीमागून रात्र, आणि थांबणे म्हणजे मरण.

ही कृती तीस वर्षे इंग्रजीत आली नाही. ती कोरियन भाषेत आली. दिग्दर्शक बोंग जून-हो यांना ती सोलमधील एका दुकानात सापडली, त्यांनी २०१३ मध्ये चित्रपट काढला आणि २०१४ मध्ये पुस्तक इंग्रजीत आले. पॅरिस, सोल, मग लंडन असा हा प्रवास आहे. केंद्राकडून परिघाकडे वाहणाऱ्या भाषांतरप्रवाहाची जी आकृती सहसा काढली जाते तिच्यात तो बसत नाही. इंग्रजी आवृत्ती चित्रपटाच्या नावाने आणि चित्रपटाच्या वाचकासाठी आली, त्यामुळे अनेकांना ती निराशाजनक वाटली. चित्रपटात शेपटाकडचे लोक उठाव करून पुढे येतात. पुस्तकात प्रोलॉफ नावाचा एकच माणूस पळून येतो आणि पहाऱ्यात पुढे नेला जातो. क्रांती होत नाही. शेवटी तो इंजिनापाशी एकटा उरतो, यंत्राची सेवा करत. 'प्रोलो' हा सर्वहारा या अर्थाचा बोलीतला फ्रेंच शब्द त्याच्या नावात आहे, आणि त्याला जोडलेला रशियन प्रत्यय १९८० च्या दशकात काय सुचवत होता हे वेगळे सांगायला नको. लोब यांच्या निराशेला तारीख आहे. २०१४ च्या इंग्रजी वाचकाला ती तारीख पुसलेल्या अवस्थेत मिळाली.

शीर्षकातही एक फूल दडलेले आहे. 'पेर्स-नेज' म्हणजे बर्फ भेदून वर येणारे, थंडीच्या अखेरीस फुलणारे एक लहान पांढरे फूल. त्याला 'आरपार' या अर्थाचा उपसर्ग जोडून गाडीचे नाव घडवले आहे. वसंताची जी आशा कथेत कोठेही नाही ती केवळ गाडीच्या नावात कोरलेली आहे. इंग्रजीतील 'स्नोपिअर्सर' मध्ये भेदन शिल्लक राहिले, फूल राहिले नाही. इंग्रजीत त्या फुलाचे नाव बर्फाच्या थेंबावरून पडले आहे, त्यामुळे भाषांतरकाराला दुसरा मार्गही फारसा नव्हता.

या पुस्तकातील इंजिनाचा एक पंथ आहे. भक्त त्याला 'सँत लोको' म्हणतात. 'लोको' हे फ्रेंचमध्ये इंजिनाचे रोजच्या बोलण्यातले, स्त्रीलिंगी रूप, आणि संतपदाचे विशेषणही स्त्रीलिंगी. म्हणजे ही एक देवी आहे, माता आहे, आणि शेवटी प्रोलॉफ तिच्या गर्भात एकटा बसलेला आहे. इंग्रजीत लिंगभाव उरत नाही, आणि 'लोको' हा शब्द ठेवला की अमेरिकी कानाला त्यात वेडेपणा ऐकू येतो. उद्या हे पुस्तक मराठीत आणायचे झाले तर ते बहुधा इंग्रजीवरूनच आणले जाईल आणि 'इंजिन' या नपुंसकलिंगी शब्दापाशी प्रश्न मिटवला जाईल. वस्तुतः मराठीला येथे इंग्रजीपेक्षा अधिक सोय आहे. आगगाडी स्त्रीलिंगीच आहे, आणि रोगराईपासून रेल्वेपर्यंत कशालाही आई करून तिच्यापुढे नारळ फोडण्याची सवय या भाषेच्या अंगात आहे. 'गाडीमाय' म्हटले की पंथ उभा राहतो. अर्थात फुगा तेवढाच राहील, आणि देवनागरीच्या वरखालच्या मात्रांना जागा देण्यासाठी अक्षर लहान करावे लागेल. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांची छपाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही अडचण नवी नाही. पण 'गाडीमाय' हा शब्द सुचण्यासाठी भाषांतरकाराच्या टेबलावर फ्रेंच आवृत्ती उघडी असावी लागेल.